श्रोत्यांचा कौल

गायनवादनाचा इतिहास म्हणून जो आपल्याकडे लिहिला जातो, तो बहुधा गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा असतो. घराणीं, गंडाबंधन, दरबारचे मानपान, मैफलींतील चढाओढी हें सारें त्यांत येतें. परंतु समोर बसून ज्यांनीं मान डोलाविली, किंवा मध्येंच उठून वाहाणा पायांत घातल्या, त्या श्रोत्यांचा इतिहास कोणी लिहीत नाहीं. आणि खरें पाहतां कोणतें गाणें टिकावें व कोणतें मागें पडावें याचा निकाल शेवटीं त्याच मंडळींच्या हातीं असतो. आमच्या दक्षिण कोकणांत अडचण पडली म्हणजे देवापुढें कौल लावण्याची चाल आहे. कौल उजवा झाला तर काम हातीं घ्यावें, डावा झाला तर थांबावें. श्रोत्यांचा कौलहि असाच उजवा किंवा डावा पडतो. फरक इतकाच कीं, देवाचा कौल सगळ्या गांवाच्या ध्यानांत राहतो, आणि श्रोत्यांचा कौल दुसऱ्या दिवशीं कोणाच्या गांवींहि नसतो.

कै. भास्करबुवा बखले यांचें उदाहरण घ्या. बुवा १९२२ सालीं निवर्तले. त्यांच्या गाण्याची एकहि तबकडी उपलब्ध नाहीं. तरी बुवांचें गाणें थोर होतें याविषयीं महाराष्ट्रांत दुमत आढळत नाहीं. हें मत कशावर उभें आहे? ज्यांनीं तें ऐकलें त्यांच्या बोलण्यावर व लिहिण्यावर, आणि मास्तर कृष्णरावांसारख्या शिष्यांनीं पुढें चालविलेल्या गायकीवर. येथें गाणें गेलें व श्रोत्यांचा कौल मागें राहिला. आम्ही आज ज्या ध्वनिमुद्रिकेविषयीं लिहीत आहों, तिची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिच्यांतील वादन जसेंच्या तसें शिल्लक आहे. पण तें प्रथम ज्यांच्या कानीं पडलें त्यांनीं काय म्हटलें याचा जवळजवळ मागमूस नाहीं. सत्तावीस वर्षांनीं ज्यांनीं मोठ्या आवाजांत मत दिलें, ते निराळ्याच देशांतले व निराळ्याच संवयीच्या कानांचे लोक होते.

१९८२ सालीं मुंबईच्या चरणजित सिंग यांनीं 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' अशा लांबलचक नांवाची एक ध्वनिमुद्रिका तयार केली, व पुढील वर्षीं हिज मास्टर्स व्हॉइस या सर्वांच्या ओळखीच्या कंपनीनें ती बाजारांत आणली. 'डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग' असा नांवाचा सरळ अर्थ. सिंग हे हिंदी बोलपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे. १९६० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत मुंबईच्या मुद्रणगृहांत जे शेंकडों वादक दिवसपाळीनें राबत, त्यांच्यापैकीं ते एक. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन अशा नामांकित संगीतदिग्दर्शकांच्या हाताखालीं त्यांनीं गिटार, खर्जाची गिटार व वेळोवेळीं येणारीं विजेचीं वाद्यें वाजविलीं. अशा वादकांचीं नांवें पडद्यावर येत नसत. गाणें घरोघर जाई; त्यांतला अमुक स्वर कोणाच्या बोटांतून निघाला, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नसे. बोलपटांतील चालींच्या वादनाच्या तबकड्या सिंग यांच्या नांवावर पूर्वींहि होत्या. पण सर्वस्वीं आपल्या कल्पनेनें रचलेली अशी ही त्यांची पहिलीच, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हिच्यांत तीन यंत्रें वाजतात, आणि तीं तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीचीं. सिंथेसायझर म्हणजे ज्यांत तार नाहीं, कांडी नाहीं, जीभ नाहीं असें वाद्य. त्यांत विजेच्या कंपनांतूनच नाद उत्पन्न होतो, व वादकानें कळी फिरवून त्याला हवा तो पोत द्यावयाचा. 'ज्युपिटर-८' हें असें मोठें वाद्य १९८१ सालीं निघालें, आणि रागाची मुख्य सुरावट त्यावर वाजली आहे. 'टीआर-८०८' हें तालाचें यंत्र. त्यांत ढोलाचा घुमारा, झांज व टाळी हीं सारीं आधींच भरलेलीं असतात. तिसरें 'टीबी-३०३' हें सर्वांत लहान व सर्वांत चमत्कारिक. गिटारवाल्यास घरीं सराव करतांना खर्जाची साथ मिळावी म्हणून तें निघालें, म्हणजे एका अर्थीं खर्जाची गिटार वाजविणाऱ्याची गरजच उरूं नये म्हणून. तें विकलें गेलें नाहीं, आणि १९८४ सालीं कंपनीनें तें बनविणें बंद केलें. खर्जाची गिटार वाजवून पोट भरणाऱ्या एका माणसानें आपल्या जागीं बसविण्यासाठींच काढलेलें यंत्र स्वखुशीनें विकत आणावें, आणि त्यावर राग बसवावेत, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते. त्या वेळीं मुंबईच्या वादकांत अशा यंत्रांविषयीं धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती. पुढील दहा-पंधरा वर्षांत पन्नास-पन्नास व शंभर-शंभर वादकांचे ते वृंद मोडले, व त्यांचें बरेंचसें काम सिंथेसायझरनेंच घेतलें.

दहा रागांचा क्रम असा आहे : भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, तबकडी उलटल्यावर मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येक वादन सुमारें पांच मिनिटांचें. भैरवांत यंत्रांतून गाळलेल्या घोगऱ्या आवाजांत शिवाचा पंचाक्षरी मंत्र ऐकूं येतो. प्रहराचा विधिनिषेध मानणारा श्रोता हा क्रम पाहूनच दचकेल. कारण पहाटेच्या ललितानंतर रात्रीच्या आरंभींची भूपाळी येते, आणि तिच्या पाठोपाठ सकाळची तोडी. तबला मुळींच नाहीं. ठेका एकाच द्रुत गतीनें आरंभापासून अखेरपर्यंत चालतो; तो वाढत नाहीं, थांबत नाहीं, समेवर येऊन नि:श्वास टाकीत नाहीं.

ही तबकडी खपली नाहीं. तिच्यावर वाद झाला असता तरी एक बरें होतें. पण तसा गाजावाजा झाल्याचेंहि आढळत नाहीं. याचीं कारणें शोधणें कठीण नाहीं. १९८० च्या 'कुर्बानी' या बोलपटापासून डिस्कोचा ठेका देशभर दुमदुमत होता, व १९८२ च्या अखेरीस 'डिस्को डान्सर' आला. ज्यांना तो ठेका हवा होता त्यांना त्याबरोबर शब्द हवे होते, नटनटी हव्या होत्या. भैरवाचा कोमल ऋषभ त्यांना नको होता. उलट ज्यांना भैरव हवा होता, त्यांचे हात नांवांतला 'डिस्को' हा शब्द वाचूनच मागें आले असावेत. दुकानदारानें तरी ती कोणत्या फळीवर ठेवावी? शास्त्रीय संगीताच्या फळीवर ठेवावी तर गिऱ्हाईक हंसणार, बोलपटांच्या फळीवर ठेवावी तर गिऱ्हाईक ओळखणार नाहीं. असा तिचा त्रिशंकु झाला. म्हणजे कौल डावा पडला म्हणण्यापेक्षां कौल लावलाच गेला नाहीं, असें म्हणणें अधिक खरें होईल.

नवें यंत्र म्हणून लोकांनीं पाठ फिरविली, असें मात्र कोणी समजूं नये. १९६८ सालीं अमेरिकेंत वेंडी कार्लोस यांनीं मूग नांवाच्या सिंथेसायझरवर बाख या अठराव्या शतकांतील जर्मन रचनाकाराच्या कृति वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यावर नाकें मुरडणारे पंडित होतेच. परंतु ती तडाख्यानें खपली व तिला तीन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. उदय शंकर यांचे चिरंजीव आनंद शंकर यांनीं १९७० सालीं सतार आणि मूग यांची सांगड घालून आपली पहिली ध्वनिमुद्रिका अमेरिकेंत काढली. मनाला गुंगी आणणाऱ्या ज्या संगीताला तिकडील तरुण सायकेडेलिक म्हणत, त्याचा तो भरभराटीचा काळ होता, आणि त्या तरुणांनीं ती आपली मानली. तेव्हां अडचण यंत्राची नव्हती. बाखची रचना कागदावर लिहिलेली, ठराविक पट्ट्यांवर उभी असलेली. तिला विजेच्या पट्ट्यांवर उतरवितां येतें. राग हा पट्ट्यांवर राहत नाहीं, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटींत राहतो. तो तेथून कसा काढावयाचा हा जुनाच प्रश्न आहे, आणि त्यावरून आपल्याकडे मोठें भांडण पूर्वीं एकदां होऊन गेलें आहे.

तें भांडण बाजाच्या पेटीचें. हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा. अलेक्झांद्र दबें यांनीं १८४२ सालीं तिचे हक्क नोंदविले. पाश्चात्त्यांची ती पायानें भाता मारण्याची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिचें मांडी घालून बसणाऱ्या माणसास सोईचें, हातानें भाता ओढण्याचें रूप सिद्ध केलें. मराठी रंगभूमीनें पेटी उचलून धरली. वर ज्यांचें नांव आलें त्याच भास्करबुवांच्या मैफलींत गोविंदराव टेंबे पेटीची साथ करीत, आणि १९११ च्या 'मानापमाना'च्या चाली याच गोविंदरावांच्या. परंतु विचारवंतांचा एक मोठा वर्ग पेटीवर रुष्ट होता. तिच्यांत मींड नाहीं. तिचे बारा स्वर कारखान्यांत ठोकून बसविलेले, त्यांत तोडीचा अतिकोमल गंधार नाहीं, भैरवाच्या ऋषभाचें आंदोलन नाहीं. रवींद्रनाथ टागोर तिच्या विरुद्ध होते. अखेर १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें पेटीला आपल्या केंद्रांतून हद्दपार केलें. ही बंदी १९७१ सालीं कांहीं अटींवर शिथिल झाली. मध्यंतरीं एकतीस वर्षें गेलीं.

या एकतीस वर्षांत लोक काय करीत होते, हें पाहण्यास आमच्या भागाइतकें चांगलें ठिकाण नाहीं. देवगड तालुक्यांत समुद्राच्या अगदीं कांठावर कुणकेश्वराचें देऊळ आहे. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. या देवळाविषयीं आख्यायिका अशी कीं, वादळांत सांपडलेल्या एका परमुलखांतील दर्यावर्दी व्यापाऱ्यास कांठावरचा दिवा दिसला, तो तरला, व त्यानें नवस फेडण्याकरितां तें बांधलें. आख्यायिकेंत इतिहास किती हा प्रश्न निराळा. परंतु आपलें देऊळ परक्यानें बांधलें असें सांगण्यांत येथील माणसाला कधीं कमीपणा वाटलेला नाहीं. पेटीचेंहि तसेंच झालें. कार्तिकी पौर्णिमेनंतर गांवोगांवच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे दशावतारी मंडळ्या फिरूं लागतात. रात्रभर नाटक, पहाटे दहिकाला. आणि एका बाजूस बांकावर झांज, मृदंग व पायपेटी. पायानें भाता मारल्यानें दोन्ही हात मोकळे राहतात, आवाज उघड्यावर लांब जातो, आणि राक्षस गर्जना करून दमला तरी त्याचा षड्ज त्याला परत सांपडतो. दिल्लीच्या कचेरींत पेटीवर काय ठराव झाला, याची दशावतारी पेटीवाल्यानें फिकीर केली नाहीं. मींड नाहीं हें त्याला ठाऊक होतें. मींड त्यानें नटाच्या गळ्यावर सोंपविली व राहिलेलें काम पेटीकडून करून घेतलें.

आमच्या समजुतीप्रमाणें खरा निकाल तो. टागोरादिकांचा आक्षेप चुकीचा नव्हता. पेटींतला उणेपणा त्यांनीं नेमका दाखविला. पण उणेपणा दाखविणें हा एक व्यवहार, आणि त्या उणेपणासकट वाद्याला काय सांगतां येतें हें ऐकणें हा दुसरा. भजनाच्या डबलबारीला बसणारा श्रोता हा दुसरा व्यवहार रोज करतो. समोरासमोर दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज. गजराला चाल बोलपटांतली असली तरी त्याची हरकत नसते, मात्र ती बसली नाहीं तर तो तेथल्या तेथें तोंडावर सांगतो.

आतां पुन्हां चरणजित सिंग यांच्याकडे वळूं. २००२ सालीं एदो बाउमन नांवाच्या डच संग्राहकास ही तबकडी दिल्लीच्या एका दुकानांत सांपडली. त्यानें पुढें मुंबईस येऊन सिंग यांचा शोध लावला, आणि २०१० सालीं ती आपल्या संस्थेतर्फे युरोपांत पुन्हां प्रसिद्ध केली. तिकडील श्रोते थक्क झाले. कारण असें कीं, न खपलेलें तें 'टीबी-३०३' यंत्र जुन्या बाजारांत कवडीमोलानें मिळूं लागल्यावर अमेरिकेंतील शिकागो शहरच्या कांहीं तरुणांच्या हातीं पडलें. त्यांनीं त्याच्या कळी वेड्यावांकड्या पिळून एक चिरकणारा, गुंगवणारा नाद काढला, आणि फ्यूचर या त्रिकुटाच्या १९८७ च्या 'ॲसिड ट्रॅक्स'पासून ॲसिड हाउस नांवाच्या नृत्यसंगीताचा संप्रदायच सुरू झाला. तोच नाद मुंबईंत पांच वर्षें आधीं भैरवांत व मालकंसांत मुद्रित झालेला! कित्येकांना तर ही कोणा आधुनिक वादकाची थट्टा असावी, जुनी तारीख घालून फसविण्याचा बेत असावा, असा संशय आला. इतरांनीं सिंग यांस त्या संप्रदायाचा जनक ठरवून टाकलें. सत्तरीच्या घरांतले सिंग युरोपांतल्या रंगमंचांवर जाऊन तेच राग वाजवूं लागले, आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाचे श्रोते त्यावर नाचूं लागले. ५ जुलै २०१५ रोजीं ते मुंबईस वारले.

त्यांचें स्वतःचें म्हणणें अगदीं साधें होतें. बोलपटांत डिस्को फार झाला होता. तोच ठेका घेऊन कांहीं निराळें करावें, तबला काढून टाकावा व राग वाजवून पाहावेत, एवढाच त्यांचा विचार होता. शिकागोच्या तरुणांनीं ही तबकडी ऐकली होती याला पुरावा नाहीं. तेव्हां जनक-पुत्राचें हें नातें जोडणें आम्हांस मान्य नाहीं. एक बी दोन शेतांत पडलें व दोन्हीकडे उगवलें, इतकेंच. शिवाय या उशिरा आलेल्या स्तुतींत एक खोट आहे. १९८३ च्या गिऱ्हाइकानें तबकडीवर 'डिस्को' वाचलें व राग ऐकला नाहीं. २०१० च्या गिऱ्हाइकानें तिच्यांत ॲसिड हाउस ऐकलें, आणि राग त्यानेंहि ऐकला नाहीं. तोडी आणि मधुवंती यांतील फरक ज्याला कळत नाहीं, त्याला हीं दहा वादनें एकसारखींच वाटणार. आणि तशी तक्रार तिकडील कांहीं श्रोत्यांनीं केलीहि.

आम्हीं म्हणून एक खटाटोप केला. गेल्या पावसाळ्यांत कुणकेश्वरास चार जाणत्या माणसांना बसवून, कांहीं न सांगतां, त्यांना भैरव, तोडी व मालकंस ऐकविले. एक निवृत्त गुरुजी, ज्यांचा रागदारीचा व्यासंग मोठा, त्यांनीं तोडीचा गंधार चढा लागतो म्हणून पहिल्या मिनिटांतच कपाळाला आठी घातली, व 'स्वर आहेत, राग नाहीं' असा शेरा मारला. एका भजनी बुवांनीं मांडीवर ठेका धरला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचां बरोबर आसात, पण ह्या ठेक्यार गजर बरो बसात." मुंबईस कॉलेजांत शिकणारी त्यांची पुतणी हें गेल्या वर्षींचें संगीत समजत होती, साल सांगितलें तेव्हां तिचा विश्वास बसेना. सर्वांत उशिरा बोलले ते दशावतारांत उभी हयात पायपेटी वाजविलेले एक म्हातारे गृहस्थ. भैरव पुन्हां लावावयास सांगून ते डोळे मिटून बसले, आणि मग म्हणाले, "सूर घसरता तो बरो घसरता, पेटीक तां कधी जमाक नाय. पण ह्यो मनीस दम खंय घेता तां कळणां नाय."

एवढें नेमकें परीक्षण आम्हीं दुसरीकडे कोठें वाचलेलें नाहीं. खालच्या यंत्राचा खर्ज एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, वर 'ज्युपिटर'चा स्वर वांकत वांकत पुढच्या स्वराला भेटतो. जी मींड नाहीं म्हणून पेटी एकतीस वर्षें बाहेर बसली, ती येथें यंत्रांतूनच निघते. भैरवांत व मालकंसांत ती अशी निघते कीं, क्षणभर यंत्र विसरावें. गुरुजींचा गंधाराचा आक्षेप मात्र खरा आहे. पट्टीवरून उठलेला स्वर वांकला तरी विसांव्याला पट्टीवरच येतो. आणि दमाविषयींचा प्रश्न तर या संगीताच्या मर्मालाच हात घालतो. आपल्या गाण्यांत विश्रांति हा सौंदर्याचा भाग आहे. सम येते, गवई थांबतो, श्रोता 'वा' म्हणतो. या ठेक्यांत 'वा' म्हणावयास जागाच ठेवलेली नाहीं. युरोपांतील तरुणाला तीच गोष्ट प्रिय वाटली, कारण त्याला दाद द्यावयाची नव्हती, नाचतां नाचतां भान हरपावयाचें होतें. आम्हांला विचाराल तर मेघमल्हारांत व यमनांत हा उणेपणा फार बाधतो, कारण ते राग पसरणारे आहेत. भैरवाला, ललिताला व मालकंसाला तो सोसतो. तबकडी थोर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ती थट्टा नव्हे, आणि अपघातहि नव्हे, हें मात्र खात्रीनें म्हणतों. ज्याच्या कानांत वीस वर्षें दुसऱ्यांच्या चाली वाजल्या, त्यानें एकदां आपल्या मनानें वाजविलें, आणि त्यावर कोणी बरें म्हणेना कीं वाईट म्हणेना. सत्ताविसाव्या वर्षीं टाळ्या आल्या त्या परक्या मुलखांतून, आणि त्याहि निराळ्याच गोष्टीसाठीं.

१९८३ व १९८४ सालीं ही तबकडी थोड्याच घरांत गेली असली तरी कांहीं घरांत गेली होती, हें निश्चित. मुंबई, पुणें, किंवा चाकरमान्यांच्या ट्रंकेंतून आलेली कोकणांतल्या एखाद्या माळ्यावर, ती अजून पडलेली असेल. ज्यांच्याकडे ती आहे, किंवा ज्यांना ती त्या दिवसांत ऐकल्याचें स्मरतें, त्यांनीं सुई प्रथम टेकली तेव्हां घरांतलीं माणसें काय म्हणालीं तें लिहून आमच्याकडे पाठवावें. वडील मंडळींनीं ती बंद करावयास लावली असली, तर तेंहि त्यांच्याच शब्दांत लिहावें.